पश्मिना घ्यायची तर आधी बोटांना शिकवा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, बावीस शाली आहेत. सासरे गाण्याच्या सभांमागे असायचे, दोन-तीन मंडळांची कामं बघायचे, त्यामुळे शाल-श्रीफळ घरी यायचं. श्रीफळाच्या वड्या व्हायच्या, शाल कपाटात जायची. त्यांतल्या एकवीस शालींच्या कोपऱ्याला सोनेरी अक्षरांत 'प्युअर पश्मिना' असं छापलेली चिठ्ठी शिवलेली आहे. बाविसावीला चिठ्ठीच नाही. आणि सगळ्या थप्पीत खरी पश्मिना तेवढी ती एकटीच: आजेसासूबाईंची, बदामी रंगाची, दोन्ही पदरांना वीतभर उंचीच्या कोयऱ्या भरलेली.

दिवाळी झाली की ओळखीतून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. विहीणबाईंना चांगली शाल द्यायची आहे, काश्मिरी माणूस दारात गाठोडं सोडून बसला आहे, घेऊ की नको ते दोन मिनिटांत सांग. दोन मिनिटांत नाही सांगता येत. फोनवरून तर मुळीच नाही. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

एक गोष्ट आधी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरी करता येण्याजोगी कोणतीही परीक्षा 'ही पश्मिना नाही' एवढंच सांगते. 'ही पश्मिनाच आहे' हे सांगायला सूक्ष्मदर्शक लागतो. तेव्हा खरेदी म्हणजे एकेक खोटी बाजूला काढत जाणं. शेवटी उरेल ती घ्यायची, आणि तीही कागदासकट.

नावाचा घोळ

'पश्म' हा फारसी शब्द, अर्थ लोकर. लडाखच्या चांगथांग पठारावर, समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंच, चांगपा लोक ज्या शेळ्या पाळतात त्यांच्या अंगावर दोन थर असतात. वर राठ केस आणि त्यांच्याखाली हाडं गोठवणाऱ्या थंडीत तग धरण्यासाठी आलेली मऊ लव. थंडी सरली की ही लव सुटू लागते, तेव्हा ती फणीने विंचरून काढतात. एका शेळीकडून वर्षाला शे-दीडशे ग्रॅम कच्चा माल निघतो, आणि राठ केस निवडल्यावर त्यातलाही बराच कमी होतो. एका शालीमागे तीन-चार शेळ्यांचं वर्ष गेलेलं असतं म्हणा ना.

या लवेच्या धाग्याची जाडी साधारण १२ ते १६ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस सत्तरच्या आसपास जातो, चांगली मेरिनो मेंढीची लोकर विसाच्या आगेमागे असते. पश्मिनाचा सगळा मोठेपणा या आकड्यात आहे.

आता 'कॅशमियर'. हे काश्मीरचंच युरोपीय जिभेवरचं रूप. जगात या नावाने जो माल विकला जातो तो बहुतेक चीन आणि मंगोलियातल्या शेळ्यांचा, आणि १९ मायक्रॉनपर्यंतचा धागा त्यात चालतो. प्रत्येक पश्मिना कॅशमियर असते, उलटं मात्र खरं नाही. कॅशमियर वाईट असं मी मुळीच म्हणणार नाही. स्वेटर विणायला थोडा जाड, लांब धागा उलट बरा. पण शालीच्या पातळ वीणीसाठी बारीक धाग्याला तोड नाही.

बाजारात मात्र तिसरीच भाषा चालते. 'सेमी पश्मिना' म्हणजे बहुधा मेरिनो, कधी तिच्यात थोडी पश्मिना, कधी तीही नाही. 'सिल्क पश्मिना' म्हणून चमकणारी बरीचशी व्हिस्कोस असते, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. सत्काराच्या शाली या जातीच्या. दोनशे-तीनशे रुपयांत आणखी काय येणार? त्या वाईट नाहीत, दिवाणावर टाकायला छान. फक्त त्यांचं नाव खोटं आहे.

पायरी पहिली: दुकानात जाण्याआधी हात तयार करा

ग्वाल्हेरकरांना हे चंदेरीवरून लगेच समजेल. आपल्याकडच्या बायका चंदेरी हातात घेतली की क्षणात सांगतात, हातमागाची की पॉवरलूमची. त्यांना ते कुणी शिकवलेलं नसतं. लहानपणापासून आईच्या, आत्याच्या साड्या हाताखालून गेलेल्या असतात एवढंच. पश्मिना आपल्या हाताखालून गेलेली नाही, म्हणून आपण फसतो.

तेव्हा आधी एक खात्रीची पश्मिना शोधा, विकत घ्यायला नाही, हात लावायला. जुन्या मराठी घरांत एखादी असतेच. आजीची, पणजीची, कसरीने खाल्लेली का होईना. एखाद्या दुपारी जाऊन बसा. सोबत घरातल्या दोन गोष्टी न्या: एक सत्काराची शाल आणि एक साधा लोकरी मफलर. तिन्ही मांडीवर घ्या आणि डोळे मिटा.

व्हिस्कोस गार लागते आणि बोटांखालून घसरते, साटिनसारखी. पहिल्या स्पर्शाला तीच सगळ्यात मऊ वाटते, आणि फसगत होते ती इथेच. लोकर ऊबदार असते, पण मानेला लावली की बारीक टोचते. पश्मिना घसरत नाही. तिच्या मऊपणाला पकड असते, ताज्या पिठाच्या गोळीवरून बोट फिरवावं तशी. तिचा एक पदर मुठीत धरून शांतपणे तीसपर्यंत आकडे मोजा. मूठ उघडाल तेव्हा आत ऊब साठलेली असेल. व्हिस्कोसचा पदर तुमच्याच हाताएवढा गरम झालेला असतो, त्यापलीकडे काही नाही.

मग डोळे उघडून खिडकीशी या. पश्मिनाला चकाकी नसते. तिचा रंग कपड्यावर बसलेला दिसत नाही, आत मुरलेला दिसतो. शाल उन्हात रेशमासारखी लखलखली, तर तिच्यात रेशीम आहे किंवा व्हिस्कोस आहे.

हे दोन-तीनदा केलंत की बोटं लक्षात ठेवतात. गाण्यात आधी षड्ज कानात बसवतात, तसंच.

पायरी दुसरी: भिंग

माझे चुलतसासरे बिर्लानगरच्या जे.सी. मिलमध्ये होते. मिल बंद होऊन जमाना झाला, पण त्यांचं पितळी पिक ग्लास अजून घरात आहे. तीन पाकळ्यांचं घडीचं भिंग. उघडून कापडावर ठेवलं की एक इंची चौकटीत ताण्याबाण्याचे धागे मोजता येतात. तुमच्याकडे ते नसेल तर शाळेच्या कंपासपेटीजवळ मिळणारं साधं भिंग चालेल, फोनचा कॅमेरा मोठा करूनही भागतं.

काय बघायचं? धाग्याची जाडी. चरख्यावर हाताने कातलेलं सूत कधीच एकसारखं नसतं. इथे जरा फुगलेलं, तिथे जरा बारीक, पीळ कुठे जास्त, कुठे कमी. काश्मिरात हे सूत बायका कातत आल्या आहेत, त्या चरख्याला 'येंदर' म्हणतात, आणि कातण्याआधी लव तांदळाच्या पिठात घोळून स्वच्छ करतात. असं सूत विणलं की शाल उजेडापुढे धरल्यावर तिच्यात पाण्यासारखी अस्पष्ट हालचाल दिसते. यंत्राच्या सुताची शाल उजेडात जाळीसारखी नेमकी दिसते, एकही धागा इकडचा तिकडे नाही.

मग वीण. साधी एकाआड एक वीणही असते, तिरकी वीणही असते, पण हातमागाच्या पश्मिनात जीव अडकावा अशी एक वीण आहे: चश्मे-बुलबुल. बुलबुलाचा डोळा. एकात एक बसलेले बारीक चौकोन, मधोमध ठिपका. लांबून सपाट वाटणारी एकरंगी शाल भिंगाखाली आली की अशा हजारो डोळ्यांनी बघायला लागते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पाच मिनिटं मान वर केली नव्हती. (ही वीण यंत्रावरही निघते. तिच्या असण्याने काही सिद्ध होत नाही, डोळ्यांचं पारणं फिटतं ते वेगळं.)

शेवटी दशा बघा. पश्मिनाच्या दशा म्हणजे ताण्याचेच सुटे राहिलेले धागे. त्या बारीक, हलक्या, जरा विस्कटलेल्या असतात. जाडजूड पीळ घातलेल्या, वेगळ्या शिवून लावलेल्या झुळझुळीत दशा दिसल्या की शाल बाजूला ठेवा. आणि कापडावर डिंकाने चिकटवलेलं लेबल असेल तर भिंग बाहेर काढायचीसुद्धा गरज नाही. इतक्या नाजूक कापडाला मोल जाणणारा माणूस डिंक लावत नाही.

पायरी तिसरी: अंगठी आणि काडेपेटी

आता माझीच फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात हिवाळी प्रदर्शन लागलं होतं. विक्रेत्याने स्वतःच्या बोटातली अंगठी काढली, आणि अख्खी शाल तिच्यातून सर्रकन ओढून काढली. भोवती उभ्या सगळ्या बायकांनी 'अहाहा' केलं, त्यात मीही होते. साडेचार हजार मोजले. घरी चुलतसासऱ्यांनी शाल हातात घेतली, पिक ग्लास लावलं, दशेचा एक धागा तोडून निरांजनावर धरला आणि म्हणाले, "सूनबाई, चांगला कागद आणलास."

अंगठीतून कोणतंही पातळ, घसरतं कापड जातं. रेशीम जातं, व्हिस्कोस तर पळतच जातं. उलट भरगच्च भरतकामाची अस्सल पश्मिना अंगठीत अडकून बसेल. ही परीक्षा मुळात दुसऱ्याच शालीची आहे, तिच्याकडे पुढे येते.

जाळून बघण्याची परीक्षा कामाची आहे, पण तिची हद्द ओळखून. दशेचा सुटा धागा चिमट्यात धरून ज्योतीशी न्या. व्हिस्कोस भपकन पेटते, कागद जळल्याचा वास येतो, मऊ करडी राख उरते. ॲक्रिलिक, नायलॉन, पॉलिएस्टर वितळतात आणि कडक मणी होतो. लोकर आणि पश्मिना सावकाश जळतात, केस जळल्याचा वास येतो, उरलेला काळा मणी बोटांत चुरगळतो. लोकर आणि पश्मिना दोन्ही सारख्याच जळतात, हे विसरू नका. 'जळवून दाखवतो, असली आहे' म्हणणारा खोटं बोलत नसतो, अर्धंच बोलत असतो.

वजनकाटा मात्र बरा साक्षीदार. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब अशी साधी, बिनभरतकामाची हातमागाची शाल दोनशे ग्रॅमच्या आगेमागे भरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेतीनशे दाखवले तर विचारा, बाकीचं काय आहे.

रंगही बघून घ्या. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यात हलकेच घासायचा. रंग उतरला तर पहिल्या धुण्यातच शालीचा नकाशा होईल.

गोळे येण्याबद्दल लोक फार घाबरतात. काखेपाशी, पर्स घासते तिथे, बारीक गोळे खऱ्या पश्मिनालाही येतात. आखूड, मऊ धागा आहे, येणारच. पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत येतात, पुढे कमी होतात. त्यावरून खोटी ठरवू नका.

मधली जात

आता जरा अवघड भाग. धागा खराखुरा पश्मिनाचा, पण सूत यंत्राचं, असाही माल भरपूर आहे. ही लव यंत्राचा ताण सोसत नाही, म्हणून कातताना तिच्यात नायलॉनसारखा दुसरा धागा मिसळतात आणि विणून झाल्यावर आम्लात विरघळवून काढतात. शाल हलकी, एकसारखी आणि स्वस्त निघते. पण आम्लाचा मार लवेलाही बसतो, शाल तेवढी टिकत नाही, आणि कातणाऱ्या बाईच्या हातचं काम जातं ते वेगळंच.

घेऊ नये का? नातीला कॉलेजात घालायला हवी असेल तर खुशाल घ्या, तशी सांगून विकली जात असेल तर. माझा राग यंत्रावर नाही. यंत्राची शाल हाताच्या भावात विकतात, त्यावर आहे.

पायरी चौथी: नक्षी वाचायला शिका

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, इथे रेंगाळणार.

काश्मिरी शालीवर नक्षी दोन वाटांनी येते. एक सुईने भरलेली, तिला सोझनी म्हणतात. दुसरी मागावरच विणलेली, ती कानी. तिसरी वाट जेकार्डची, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या यंत्राची. ती या दोघींची नक्कल करते, आणि अमृतसर-लुधियानाकडून आपल्या बाजारात भरभरून येते.

सोझनीत लाकडी ठशाने शालीवर नक्षी उमटवून घेतात आणि मग बारीक सुईने भरतात. चांगला कारागीर टाक्यागणिक कापडाचे एक-दोनच धागे उचलतो. तेव्हा शाल उलटी करा. उलटी बाजू बघितल्याशिवाय भरतकामाची शाल घ्यायचीच नाही, हा माझा नियम आहे. मागे गाठींचे डोंगर, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उड्या मारणारे धागे, कापड आवळून पडलेल्या चुण्या, असं दिसलं तर काम घाईचं. मागे सगळीकडे एकच पांढरा दोरा एकसारखा पळताना दिसला तर ते शिलाई मशीनचं भरतकाम, खालच्या रिळाचा दोरा आहे तो. आजेसासूबाईंच्या शालीच्या उलट बाजूला कोयरीच्या देठाशी एक ठिकाणी गुलाबी रंग संपून जरा वेगळा गुलाबी सुरू झाला आहे. कारागिराची लडी संपली असावी. सुलट बाजूने ते मला पन्नास वर्षांच्या वयात कळलं, तेही चष्मा लावून.

दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते ती 'दोरुखा'. हे काम फार थोडे हात करतात, किंमतही तशीच.

कानी ही निराळीच विद्या. श्रीनगरहून गुलमर्गला जाताना कनिहामा नावाचं गाव लागतं, ते या विणीचं घर. धोट्याच्या जागी बोरूसारख्या लाकडी काड्या असतात, एकेका काडीवर एकेक रंग. त्या काड्या म्हणजे कानी. नक्षी कागदावर एका सांकेतिक लिपीत लिहितात, तिला 'तालीम' म्हणतात: दोन धागे गुलाबी, चार हिरवे, एक पिवळा. विणकर ती वाचत, ऐकत विणतो. गाणाऱ्यांच्या घरातल्या मला हा शब्द ऐकून गंमत वाटली होती. बोल तोंडाने म्हणायचे आणि हाताने उतरवायचे, इथेही तेच! भरगच्च नक्षी असेल तर दिवसभरात शाल इंचभर सरकली तरी पुष्कळ. एका शालीला महिने लागतात, मोठ्या कामाला वर्षंही.

कानी आणि जेकार्ड वेगळी ओळखायची तर पुन्हा उलटी बाजू. कानीत प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो आणि मागे वळतो, त्यामुळे मागेही नक्षीच दिसते, रंगांच्या सीमेवर बारीक उंचवटे लागतात. जेकार्डमध्ये सगळे रंग रुंदीभर धावतात. जिथे नको असतात तिथे मागे लोंबकळतात, किंवा कातरून टाकलेले असतात आणि हाताला केसाळ लागतात. हे एवढं कळलं की दोन हजारांची 'कानी' कधीच घरी येणार नाही.

कोयरीबद्दल एक अवांतर. एकोणिसाव्या शतकात युरोपात या शालींची अशी काही हाव सुटली की स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात मागांवर नकला निघू लागल्या, आणि आपल्या कोयरीला इंग्रजीत त्या गावाचंच नाव चिकटलं. १८४६ च्या अमृतसरच्या तहात तर गुलाबसिंगाने इंग्रजांना दर वर्षी द्यायच्या नजराण्यात एक घोडा, सहा बकरे, सहा शेळ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या असं लिहिलेलं आहे. जोड्या, कारण शाल दुहेरी पांघरायची पद्धत होती. उलटी बाजू आत झाकली जाई. आपल्याकडची शालजोडी ती हीच. तिच्यात गुंडाळून जे मारतात त्याबद्दल ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला मी काय सांगावं.

शहतूश

कुणी आवाज खाली आणून 'शहतूश आहे, अंगठीतून जाते' म्हणालं की उठा. हा धागा तिबेटी पठारावरच्या चिरू नावाच्या रानटी हरणासारख्या प्राण्याचा. त्याला पाळून विंचरता येत नाही, मारावंच लागतं, आणि एका शालीला तीन ते पाच जीव जातात. १९७९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे आणि खरेदी-विक्रीला कैदेची शिक्षा आहे. बहुतेक वेळा तुम्हाला दाखवलेली ती शहतूश नसतेच. असली तर गुन्हा, नसली तर फसवणूक.

पायरी पाचवी: कुणाकडून, कितीला

१९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात थंडीभर लोकरीच्या कपड्यांची गर्दी असते. तिथे हिंडा, हात लावा, बोटांना सराव द्या. पण मोठी खरेदी पहिल्या फेरीत करू नका. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली तर नाहीच.

फेरीवाल्याकडून घ्यायची तर तो दर वर्षी येणारा हवा. आमच्या गल्लीत एकजण नोव्हेंबरात येतो, होळीच्या आधी जातो. मागच्या वर्षी त्याला विचारलं, "सूत हाथ का है या मशीन का?"

तो थांबला. शाल परत उलगडली. "माताजी, ताना मशीन का है, बाना हाथ का. पूरा हाथ का चाहिए तो वो दूसरी गठरी में है, दाम सुन के आप नाराज़ हो जाओगे."

त्या दिवशी त्याच्याबद्दल माझं मत कायमचं बनलं. हाच प्रश्न तुम्हीही विचारा, आणि सोबत हे तीन: धागा लडाखचा की बाहेरचा? भरतकाम कुठल्या गावातलं? बिलावर 'हाताने कातलेली, हाताने विणलेली शुद्ध पश्मिना' असं लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळांची गाठोडी आपोआप बांधली जातात.

कागदाचं म्हणाल तर 'काश्मीर पश्मिना' या नावाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या अटी सरळ आहेत: धागा १६ मायक्रॉनपर्यंतचा, कातकाम हाताने, विणकाम हातमागावर, काश्मिरात. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये तपासणी केंद्र आहे. तिथे धागा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि उतरलेल्या शालीला क्रमांक असलेलं लेबल लावतात. तो क्रमांक ताडून बघता येतो. २०१९ मध्ये भारतीय मानक ब्युरोनेही पश्मिनाची ओळख आणि लेबल कसं असावं याचं मानक काढलं. पंधरा-वीस हजारांच्या वरची खरेदी मी या लेबलाशिवाय करणार नाही. लेबल नाही म्हणजे शाल खोटीच, असं मात्र नाही. अनेक लहान कारागीर त्या केंद्रापर्यंत पोचतच नाहीत. तिथे तुमची बोटं आणि विकणाऱ्याची ओळख, एवढंच हाती असतं.

किमतीचा माझा अंदाज: पूर्ण हाताची, साधी, एकरंगी शाल दहा-बारा हजारांच्या खाली कुणी देऊ लागला तर मी कारण विचारते. सोझनी असेल तर टाक्यांच्या दाटीप्रमाणे किंमत चढत जाते. दाट कानी लाखांत जाते. घासाघीस जरूर करा, पण पंधरा हजारांची शाल पाच मिनिटांत तीन हजारांवर आली तर ती घासाघीस नव्हे, तो कबुलीजबाब आहे.

माप विसरू नका. स्टोल साधारण ७० बाय २०० सेंटीमीटर, बायकांची शाल १०० बाय २००. पुरुषांची त्याहून बरीच मोठी, अंगभर घेता येईल अशी. डिसेंबरात हजिऱ्यावर, तानसेनाच्या समाधीपाशी, तानसेन समारोहाला रात्रीच्या बैठकीत बसायचं असेल तर स्टोल घेऊन जाऊ नका. मी एकदा गेले होते. भैरवीपर्यंत बसायचं ठरवलं होतं, मध्येच उठून आले.

पायरी सहावी: सांभाळणं

पश्मिनाचा शत्रू थंडी-ऊन नाही, कसर आहे. कसरीला घामाचा, तेलाचा, जेवणाचा वास लागलेली लोकर आवडते. म्हणून हंगाम संपल्यावर शाल न धुता ठेवू नका. साधी शाल घरी धुता येते: गार पाणी, रिठ्याचं गाळलेलं पाणी किंवा बाळाच्या कपड्यांचा सौम्य साबण, पाच मिनिटं बुडवून हलकेच दाबायची. चोळायची नाही, पिळायची नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत आडवी पसरायची. दोरीवर टांगली की ओल्या वजनाने ओढली जाते. इस्त्री मलमलीच्या फडक्यावरून, मंद. भरतकामाची किंवा कानीची असेल तर ड्रायक्लीनच.

ठेवायची ती जुन्या धुतलेल्या सुती साडीत किंवा मलमलीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा कोंडतो. वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा लवंगांची पुरचुंडी शेजारी. डांबरगोळ्या ठेवल्याच तर शालीला टेकवू नका. अत्तर शालीवर कधीच नाही. पावसाळ्यात एखाद्या उघाडीच्या दिवशी काढून, झटकून, दोन तास सावलीत वाऱ्यावर टाका आणि घडी दुसऱ्या रेषेवर घाला, नाहीतर घडीवरच शाल विरते.

एवढं करूनही भोक पडतं. आजेसासूबाईंच्या शालीला पडलं, कोयरीच्या बरोबर शेजारी, मुगाच्या दाण्याएवढं. लगेच फेकू नका, आणि गल्लीतल्या शिंप्याकडूनही शिवून घेऊ नका. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगार पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले आहेत. हिवाळ्यात शालवाल्यांना विचारलं की कुणी ना कुणी त्यांचा पत्ता देतो. आमच्याकडे आलेल्या म्हाताऱ्याने शालीच्याच दशेतले दोन धागे मागून घेतले, ओसरीवर उन्हात पाठ करून बसला आणि भोकाच्या कडेचा एकेक धागा उचलत, आडवा, मग उभा, तीच तिरकी वीण सुईने पुन्हा विणली. दीड तास लागला. चहा दोनदा गार झाला.

ती जागा आता नुसत्या डोळ्यांनी मला सापडत नाही. पिक ग्लास लावलं की सापडते. तिथले धागे बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त सरळ आहेत.